खोगीर (घोड्याचा साज)

खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवर जिनाखाली किंवा ओझ्याखाली घालावयाची गादी. घोड्याचा घाम टिपणे, जिनाचे घर्षण कमी करणे आणि स्वाराचा अथवा ओझ्याचा भार कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर सारखा पसरवणे, ही खोगिराची तीन मुख्य कामे होत. बोलीभाषेत गादी आणि जीन मिळून होणाऱ्या संपूर्ण बैठकीलाही खोगीर म्हणतात. प्रस्तुत लेखात मात्र हा शब्द त्याच्या मूळ अर्थाने, म्हणजे जिनाखालील गादी या अर्थाने वापरला आहे.

महाराष्ट्रात घोड्याचा उपयोग आज मेंढपाळांची भटकंती, लग्नाच्या वराती, पालखी सोहळे आणि पर्यटनस्थळे येथे प्रामुख्याने दिसतो. बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात चाऱ्याच्या उपलब्धतेनुसार घोड्याची अंगलट वर्षभरात बदलत जाते. त्यामुळे तेथे खोगिराची निवड एकदाच करून भागत नाही. ते पाठीला नीट बसते की नाही हे वारंवार तपासावे लागते. न बसणाऱ्या खोगिरामुळे होणाऱ्या जखमा घोड्याला दीर्घकाळ निकामी करू शकतात.

== व्युत्पत्ती व संबंधित संज्ञा ==

'खोगीर' हा शब्द फारसीतून मराठीत आला. फारसीत 'खू' किंवा 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. म्हणजे खोगीर याचा शब्दशः अर्थ 'घाम धरणारे' असा होतो. घोड्याच्या साजाशी संबंधित इतर अनेक मराठी शब्दही फारसी व अरबी मूळाचे आहेत.

* जीन – स्वाराची बैठक. हिला आतून लाकडी किंवा धातूचा सांगाडा असतो.
* तंग – जीन जागेवर राहावे म्हणून घोड्याच्या छातीखालून आवळलेला पट्टा.
* रिकीब – स्वाराने पाय ठेवावयाची कडी.
* दुमची – जीन पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून घेतलेला पट्टा.
* नमदा – लोकर दाबून व घोटून केलेले जाड, न विणलेले कापड.
* झूल – शोभेसाठी पाठीवर टाकलेले नक्षीदार वस्त्र.
* पालाण – ओझे लादण्याची बैठक. हा शब्द संस्कृत 'पर्याण' या शब्दापासून आला आहे.

== इतिहास ==

मराठ्यांच्या फौजेचा मुख्य आधार घोडदळ होता. त्यात बारगीर व शिलेदार असे दोन वर्ग होते. बारगिराला घोडा व साज सरकारी पागेतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येई. शिलेदाराच्या घोड्याची पाठ जखमी झाली तर त्याच्या उपजीविकेचे साधनच जायबंदी होई. त्यामुळे खोगिराची निगा हा त्याच्या दृष्टीने रोजच्या पोटापाण्याचा प्रश्न होता.

आजच्या बीड जिल्ह्याच्या भूमीवर मराठा घोडदळाची एक महत्त्वाची लढाई झाली. गोदावरीच्या काठी, सध्याच्या गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशवे व रघुनाथराव यांच्या फौजेने निजामाच्या सैन्याचा पराभव केला. निजाम सैन्याचा काही भाग घेऊन नदीपलीकडे गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडच्या तीरावर राहिला होता. तो या लढाईत मारला गेला. पुढे १९४८ पर्यंत बीडचा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता.

ब्रिटिश लष्करी घोडदळात जिनाखाली नमदा किंवा घडी घातलेली लोकरी कांबळ वापरण्याची पद्धत रूढ होती. घडीच्या कांबळीचा विशेष फायदा असा की, मोहिमेत घोडा रोडावला तर घड्या बदलून गादीची जाडी कमीजास्त करता येई. शिवाय उघड्यावर मुक्काम पडल्यास तीच कांबळ पांघरायलाही उपयोगी पडे.

== बीड जिल्हा व आसपासच्या प्रदेशातील वापर ==

भीमा नदीच्या खोऱ्यावरून नाव पडलेला भीमथडी घोडा हा दख्खनच्या पठारावरचा देशी घोडा आहे. तो ठेंगणा, काटक आणि कमी चाऱ्यावर तग धरणारा असतो. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर, बीड या पट्ट्यातील धनगर मेंढपाळ भटकंतीत अशा घोड्यांवर संसार लादतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, पालाचे सामान, कोंबड्या आणि नुकतीच जन्मलेली कोकरे अशी विविध ओझी त्यांच्या पाठीवर असतात. या कामात जिनाचा वापर बहुधा नसतो. जुनी पोती, गोधड्या व घोंगड्या यांची घडी हेच तेथे खोगीर होय.

पैठणहून पंढरपूरकडे जाणारी संत एकनाथांची पालखी बीड जिल्ह्यातून जाते. वारीतील काही पालखी सोहळ्यांत घोड्यांचे रिंगण होते. रिंगणातील एका अश्वावर पताका घेतलेला स्वार असतो, तर दुसऱ्या अश्वावर प्रत्यक्ष स्वार नसतो. त्यावर संत आरूढ असल्याची वारकऱ्यांची श्रद्धा असते.

घोडे व त्यांचा साज यांच्या खरेदीसाठी महाराष्ट्रात दोन यात्रा विशेष प्रसिद्ध आहेत. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत, तर नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. या दोन्ही यात्रा मार्गशीर्ष महिन्यात येतात.

== घोड्याच्या पाठीची रचना ==

खोगीर निवडण्यापूर्वी पाठीचे चार भाग ओळखता येणे आवश्यक आहे.

मान संपून पाठ सुरू होते तेथे मणक्यांच्या उंच टोकांमुळे उंचवटा तयार होतो. या हाडांवर कातडीखाली मांसाचा थर अगदी पातळ असतो. बैलाच्या वशिंडाप्रमाणे येथे मऊ गादी नसते, त्यामुळे या जागी थोडाही दाब इजा करतो.

उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना खांद्याची पसरट हाडे असतात. घोडा पाय पुढे टाकतो तेव्हा या हाडांचा वरचा भाग मागे सरकतो. खोगीर किंवा जीन त्यांवर चढले की घोड्याची पावले आखूड पडू लागतात.

पाठीच्या मधोमध कणा असतो. मणक्यांच्या टोकांवर भार पडता कामा नये. कण्याला लागून दोन्ही बाजूंना लांबट स्नायू असतात व त्यांच्याखाली बरगड्यांचा आधार असतो. भार पेलण्याची जागा हीच होय.

बहुतेक घोड्यांना बरगड्यांच्या १८ जोड्या असतात. शेवटच्या बरगडीच्या मागे कंबरेचा भाग सुरू होतो. तेथे खालून बरगड्यांचा आधार नसल्याने जीन व स्वाराचा भार शेवटच्या बरगडीच्या पुढेच संपला पाहिजे.

== योग्य खोगिराची निवड ==

=== पाठीचे माप ===

मापासाठी सहज वाकणारी पण दिलेला आकार न सोडणारी जाड तार पुरते. घोडा सपाट जमिनीवर, मान सरळ ठेवून उभा करावा. खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटे अंतरावर, पाठीच्या मध्यभागी आणि शेवटच्या बरगडीपाशी अशा तीन ठिकाणी तार पाठीवर आडवी दाबून तिचा आकार कागदावर गिरवावा. पहिला आकार उंच व अरुंद आला, तर उंचवट्याला जागा देणारे, तेथे वर उचललेले खोगीर लागते. मारवाडी व काठेवाडी घोड्यांत असा आकार अनेकदा आढळतो. आकार रुंद व गोलसर आला, तर उंचवटा बसका आहे असे समजावे. अशा पाठीवर खोगीर फिरण्याची किंवा पुढे सरकण्याची शक्यता अधिक असते. कागदावर तारीख लिहून ठेवल्यास पुढील मापाशी तुलना करता येते.

=== लांबी-रुंदी ===

खोगीर जिनाच्या कडेबाहेर सर्व बाजूंनी किमान दोन-तीन सेंटीमीटर दिसले पाहिजे. त्याची शिवलेली कड जिनाखाली आली तर ती दोरीसारखी रुतते. फार मोठे खोगीरही उपयोगाचे नाही. ते कंबरेवर लोंबते, उष्णता कोंडते आणि ठेंगण्या घोड्याच्या कुशीला घासत राहते. मोठ्या घोड्यासाठी शिवलेले खोगीर भीमथडी घोड्यावर टाकल्यास हा दोष हमखास आढळतो.

=== आकार व पन्हळ ===

घोड्याची पाठ सरळ रेषेत नसते. उंचवट्यापासून ती खाली उतरते व कंबरेकडे पुन्हा चढते. चांगल्या खोगिराची मधली शिवण याच वळणाने जाते. चौकोनी सपाट गादी उंचवट्यावर ताणली जाते आणि जीन आवळल्यावर तेथेच दाब देते. म्हणून खोगीर घातल्यावर त्याचा मधला भाग बोटांनी उचलून जिनाच्या कमानीत ओढून घ्यावा. त्यामुळे कण्यावर पन्हळीसारखी मोकळी जागा राहते व हवा खेळते. स्वार बसल्यानंतरही कमान व उंचवटा यांमध्ये दोन ते तीन बोटे जातील इतके अंतर असावे. स्वार बसण्यापूर्वी केलेली तपासणी पुरेशी नसते, कारण भाराखाली जीन खाली बसते.

=== जाडी ===

जाड खोगीर अधिक चांगले, हा समज सर्वत्र आढळतो. पण तो चुकीचा आहे. डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ ठेवतात. चुंबळ बेताची असेल तर भार पसरतो. फार जाड व भुसभुशीत असेल तर घागर डळमळते. खोगिराचेही तसेच आहे. जाड थरामुळे जीन पाठीपासून उचलले जाते, डोलते आणि ते स्थिर ठेवण्यासाठी तंग अधिक आवळावा लागतो. जीन मुळातच अरुंद असेल तर जाड गादीमुळे ते आणखी तंग होते आणि दाब वाढतो.

जीन घोड्यापेक्षा किंचित रुंद असेल, तर योग्य जाडीचे खोगीर ती उणीव काही अंशी भरून काढू शकते. जीन अरुंद असेल किंवा त्याचा सांगाडा मोडलेला असेल, तर कोणत्याही खोगिराने तो दोष दूर होत नाही. अशा वेळी जीन बदलणे हाच उपाय होय.

=== साहित्य ===

* नमदा व लोकर – लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही ओली लागत नाही. ती दाबाखाली पूर्णपणे चपटी होत नाही व उष्णताही बाहेर जाऊ देते. त्यामुळे ती खोगिरासाठी उत्तम मानली जाते.
* घोंगडी – दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी घडी घालून वापरता येते. विणताना सुताला चिंचोक्याची खळ दिलेली असल्याने कोरी घोंगडी ताठ व खरबरीत असते. ती धुऊन, खळ काढून मगच वापरावी. घडीची दुमडलेली, गोल कड पुढे, म्हणजे उंचवट्याकडे ठेवावी.
* सुती गादी – स्वस्त व धुण्यास सोपी असते. मात्र सूत घामाने भिजून जड होते व लवकर वाळत नाही. बदलण्यासाठी दोन गाद्या ठेवणे सोयीचे पडते.
* गोधडी व पोती – गोधडीतील कापडाचे थर, ठिगळे व गाठी यांमुळे जाडी जागोजाग वेगळी असते. गोणपाट खरबरीत असते. नाइलाज असल्यास ही वरच्या थराला वापरून पाठीलगत मऊ, सलग कापड घालावे.
* फोम व रबरी साहित्य – हलके असते. पण हलक्या प्रतीचा फोम लवकर चपटा होतो. छिद्रे नसलेले रबर घाम व उष्णता कोंडते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात ते त्रासदायक ठरते.

मखमल, जर, आरसे व घुंगरू लावलेल्या शोभेच्या झुलीचा उलट बाजूचा भाग टाके व गाठी यांनी भरलेला असतो. वरातीच्या घोड्यावर अशी झूल थेट कातडीवर न टाकता तिच्याखाली साधे, स्वच्छ खोगीर घालणे आवश्यक असते.

== ओझ्याचे खोगीर ==

स्वार चालत्या घोड्याबरोबर आपला तोल सावरतो. ओझे तसे करीत नाही. ओझ्याचा भार सतत एकाच जागी राहतो, म्हणून ओझ्याचे खोगीर अधिक काळजीपूर्वक बांधावे लागते. कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र गाद्या ठेवून मध्ये पन्हळ मोकळी सोडणे ही त्याची मूळ रचना होय. दोन्ही बाजूंचे वजन समान असावे. एक बाजू जड झाली की पालाण फिरते व दुसऱ्या बाजूची कड कण्यावर चढते. लाकडी कोपरे, भांड्यांच्या कडा व दोरीच्या गाठी पाठीकडे येऊ देऊ नयेत.

गाढवाचा उंचवटा घोड्यापेक्षा बसका असतो. त्यामुळे उतारावर ओझे पुढे सरकते. त्यासाठी दुमची किंवा मांड्यांमागून घेतलेला रुंद पट्टा वापरतात. हा पट्टा काचू नये म्हणून त्यावर कापड गुंडाळावे.

== खोगीर बसते की नाही याची परीक्षा ==

खोगीर घालण्यापूर्वी पाठ खरारा करून स्वच्छ करावी. माळरानावर चरणाऱ्या घोड्यांच्या केसांत व लोकरी खोगिरात कुसळे, गोखरूचे काटे आणि बाभळीच्या काट्यांची टोके अडकतात. ती नजरेला दिसत नाहीत, म्हणून तळहात फिरवून शोधावीत. खोगीर थोडे पुढे ठेवून मागे ओढत जागेवर आणावे, म्हणजे त्याखालचे केस एका दिशेने बसतात. तंग एकदम न आवळता टप्प्याटप्प्याने आवळावा.

अर्धा-पाऊण तास काम झाल्यावर खोगीर काढून घामाचा ठसा पाहावा. दोन्ही बाजूंना सारखा ओलावा आणि मधोमध कण्यावर कोरडी पट्टी हा चांगला ठसा होय. ओल्या भागात मध्येच कोरडा डाग असेल, तर तेथे दाब इतका आहे की घाम सुटला नाही, किंवा तेथे खोगीर टेकलेच नाही, असे दोन अर्थ संभवतात. कोरड्या जागी केस चेपलेले वा विस्कटलेले असतील आणि बोटांनी दाबल्यावर घोडा पाठ खाली घेत असेल, तर तो दाबाचा डाग समजावा.

दाब निघाल्यावर काही वेळाने त्या जागी सूज येऊ शकते. म्हणून खोगीर काढताक्षणी पाठ ठीक दिसली तरी काही तासांनी पुन्हा हात फिरवून पाहावा. दीर्घ कामानंतर प्रथम तंग सैल करून, पाठ थोडी निवल्यावर खोगीर उतरवण्याची जुन्या घोडदळातील पद्धत याच कारणासाठी होती.

खोगीर आणताच कान मागे पाडणे, तंग आवळताना चावायला येणे, स्वार बसताना पाठ खाली दबणे आणि उतारावर चालण्यास नकार देणे, ही वेदनेची लक्षणे असू शकतात. अनेकदा त्यांना घोड्याचा खट्याळपणा समजून मारले जाते. पाठ तपासल्याशिवाय असा निष्कर्ष काढणे योग्य नाही.

== ऋतुमानानुसार बदल ==

पावसाळ्यात व त्यानंतर हिरवा चारा मिळाल्याने घोड्याची पाठ भरते. फाल्गुनापासून चारा कमी होतो, पाठीचे स्नायू उतरतात, उंचवटा व कणा वर दिसू लागतो. दिवाळीत नीट बसणारे खोगीर त्यामुळे चैत्रात त्याच घोड्याच्या हाडांवर टेकू शकते. दुष्काळी वर्षात हा फरक अधिक तीव्र असतो. दर दोन महिन्यांनी तारेने माप घेणे, घडीचे खोगीर असल्यास कण्याच्या दोन्ही बाजूंना घड्या वाढवून पन्हळ खोल करणे आणि रोडावलेल्या घोड्याचे ओझे कमी करणे, हे त्यावरील उपाय होत. यांपैकी शेवटचा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण झिजलेल्या स्नायूंची जागा कोणतेही खोगीर घेऊ शकत नाही.

== पाठीवरील जखमा ==

सततच्या दाबाखाली कातडीचा रक्तपुरवठा थांबतो. प्रथम केस तुटतात, मग सूज येते आणि पुढे कातडी मरून जखम उघडी पडते. बरे झाल्यावर त्या जागी अनेकदा पांढरे केस उगवतात. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवरील पांढरे ठिपके त्याने पूर्वी सोसलेल्या खोगिराची साक्ष देतात. घोडा विकत घेताना ते अवश्य पाहावेत. उंचवट्यावरील जखम खोलवर चिघळली तर ती बरी होण्यास फार काळ लागतो.

सूज दिसताच खोगीर घालणे बंद करावे. जखमेच्या जागी गादीला भोक पाडून काम चालू ठेवण्याची प्रथा आढळते. परंतु त्यामुळे भोकाच्या कडेवर दाब वाढून जखम पसरू शकते. उघड्या जखमेवर माश्या बसून अळ्या होतात. घोड्याला धनुर्वाताचा धोका इतर अनेक जनावरांपेक्षा अधिक असतो. म्हणून जळके तेल, राख असे उपाय न करता पशुवैद्यकाकडून उपचार व धनुर्वाताची लस घ्यावी.

== निगा ==

वापरानंतर खोगीर उलटे करून, पाठीकडची बाजू वर ठेवून वाळवावे. वाळलेल्या घामाचे क्षार कापड कडक करतात, म्हणून ते नियमित धुवावे व साबणाचा अंश राहू देऊ नये. एका घोड्याचे खोगीर दुसऱ्यावर वापरल्याने गजकर्णासारखे त्वचारोग पसरू शकतात. भरीव गादीतील गोळे झालेला कापूस वा लोकर काढून, पिंजून पुन्हा भरावी.

== कायदेशीर तरतुदी ==

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमातील कलम ११ नुसार जखम, व्रण किंवा व्याधी यांमुळे कामास अयोग्य असलेल्या जनावराला कामास जुंपणे हा गुन्हा आहे. या अधिनियमाखाली ओढकाम व ओझे वाहणाऱ्या प्राण्यांसाठी १९६५ साली करण्यात आलेल्या नियमांत घोड्याच्या जिनाचा स्वतंत्र उल्लेख आहे. साज थेट उंचवट्यावर टेकेल आणि जिनाची कमान व उंचवटा यांत पुरेसे अंतर राहणार नाही, अशा रीतीने घोड्यावर जीन घालण्यास त्यांनुसार मनाई आहे. याच नियमांत पाठीवरील ओझ्याची कमाल मर्यादा तट्टासाठी ७० किलो, खेचरासाठी २०० किलो व गाढवासाठी ५० किलो अशी दिली आहे. तापमान ३७ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असलेल्या भागात दुपारी १२ ते ३ या वेळेत जनावरांकडून ओझे वाहून घेण्यास मनाई आहे. बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान अनेकदा ४० अंशांपलीकडे जात असल्याने ही तरतूद तेथे विशेष लागू पडते.

== भाषा व साहित्यात ==

खोगिराच्या पोटात चिंध्या, जुने कापड, गवत असे जे मिळेल ते भरले जाई. त्यावरून निरुपयोगी वस्तूंच्या किंवा माणसांच्या भरण्याला मराठीत 'खोगीरभरती' म्हणू लागले. पु. ल. देशपांडे यांच्या एका विनोदी लेखसंग्रहाचे नावही 'खोगीरभरती' असे आहे. वाक्प्रचारात ही भरती क्षुल्लक ठरली असली, तरी घोड्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व मोठे आहे. भरती सारखी व मऊ असेल तर पाठ शाबूत राहते. त्यात एखादी गाठ राहून गेली, तर तिचा त्रास घोड्याला दर पावलाला सोसावा लागतो.